पुसणाऱ्याचं नाव

फडक्यातून अजून पाणी ठिबकत होतं. वाचनालयाच्या भिंतीवर फळ्याशेजारी एक खिळा आहे, त्याला ते लटकत होतं, आणि खालच्या फरशीवरचा ओला डाग हळूहळू पसरत होता. फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात काल संध्याकाळी मी नानाजींच्या मरणाची बातमी लिहिली होती. तो भाग आता काळा कुळकुळीत आणि स्वच्छ होता. डावीकडचं रॉकेलच्या गाडीचं आणि टायपिंगच्या वर्गाचं जसंच्या तसं होतं. गेलं होतं ते फक्त माझं. डिसेंबरातली सकाळ, पावणेसात वाजायचे होते, सायकलीच्या हँडलवर बोटं गारठली होती, आणि कानशिलं मात्र एकदम तापली. कोरड्या फडक्यानं पुसलं की फळ्यावर अक्षरांची पुसट सावली राहते, तिरकं उभं राहून पाहिलं तर वाचताही येते. ओल्या फडक्यानं पुसलं की काही राहत नाही. म्हणजे ज्यानं पुसलं त्यानं पुरतं ठरवून पुसलं होतं.

रस्त्यापलीकडे बाबनरावांचं चहाचं हॉटेल आहे. कप विसळता विसळता ते माझ्याकडेच पाहत होते. या माणसाला वस्तीतली प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या आधी कळते आणि अर्धीच कळते.

“काहून वं उत्तरा, नानाजी जित्ते हायेत म्हनते?”

“कोन म्हनते?”

“फळा म्हनते. काल होतं, आज नाई. पुसलं म्हंजे खोटं असंन ना.”

“मी दवाखान्यात होती, बाबनराव. त्यांचा हात त्यांच्या बायकोच्या हातात होता अन् मी समोर उभी होती.”

“मंग पुसलं काहून?”

कोणी पुसलं हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. बाबनराव म्हणाले, “आनंदरावनं. साडेपाचले आला, बादलीत फडकं बुडवलं, पुसलं, अन् तिथंच उभा राहिला. मी चहा देऊ का म्हटलं, त नको म्हने. मंग मी भट्टी पेटवाले आत गेलो. बाहेर येतो त गायब.” एवढं सांगून त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे केला. मी घेतला नाही. सात वाजता टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसायचं असतं, आणि रागात चहा घेतला की तो नुसता जीभ भाजतो.

जरीपटक्याच्या बाजारातून सायकल हाणताना आणखी दोघांनी मला हटकलं. एकानं नुसतं हसून विचारलं, “काय मॅडम, मानसं मारून राहिल्या का?” थट्टाच होती. पण माझ्या नावावर अशी थट्टा आठ वर्षांत कधी झाली नव्हती. मी फळ्यावर आठ वर्षं लिहिते आहे, माझा वार गुरुवार. आम्ही पाच जण लिहितो. पगार नाही, मानधन नाही, खडूसुद्धा ज्याचा त्यानं आणायचा. फळा वर्षातून एकदा आम्हीच काळा करतो, जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून, आणि मग दोन दिवस सगळ्यांची नखं काळी असतात. हे का करतो असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की गुरुवारी संध्याकाळी रस्त्यावरून जाणारी माणसं थांबतात, मान वर करतात, आणि माझ्या हातचं वाचतात, आणि ते खरं धरून दुसऱ्या दिवशी रॉकेलचा डबा घेऊन रांगेत जाऊन उभी राहतात. हे एकदा अनुभवलं की सुटत नाही. हे नोकरीतही नाही आणि घरातही नाही. तिथं माझं बोलणं ऐकतात, पण खरं धरतीलच असं नाही.

फळा सुरू केला नानाजी वालद्यांनी, धम्मदीक्षेनंतरच्या दुसऱ्या वर्षी. मी तेव्हा दहा वर्षांची. ते संध्याकाळी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचे, आणि शिकलेल्या माणसाला वाचायला काहीतरी रोज नवं पाहिजे म्हणून हा फळा. माझी आई तिथंच शिकली. पदर खोचून फळ्यापुढे उभी राहायची आणि मी घरी ओढत असले तरी शेवटचा शब्द लागल्याशिवाय हलायची नाही. नानाजींचा नियम एकच होता. बातमीखाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजे. म्हणायचे, “नाव नाई तं भिंत बोलून राहिली, मानूस नाई. भिंतीले कोन विचारन?” म्हणून आम्ही नाव लिहितो. ‘उत्तरा’ ही तीन अक्षरं मी इतक्या वेळा लिहिली आहेत की डोळे मिटूनही ती ओळीत येतील. पुसायचं कसं, याचा नियम मात्र नानाजींनी केला नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल की पुसणं हे काही काम नव्हे, ते नुसतं झाडण्यासारखं. आणि फडकं आनंदरावांच्या हाती आलं, कारण ते रेल्वेतून निवृत्त झालेले, वाचनालयाचे चिटणीस, आणि पहाटे उठणारे.

सातला तीन मिनिटं कमी असताना मी हेडफोन चढवला. समोर बोर्ड, भोकांच्या रांगा, त्यांच्यावर इवले दिवे, हाताशी कॉर्डा. दिवा लागला की कॉर्ड घाला, “नंबर प्लीज” म्हणा, तिकीट लिहा, जोडा. हात हे काम मला न विचारता करतात. त्यामुळे डोकं मोकळं राहतं आणि मोकळ्या डोक्यात राग चांगला मुरतो. अकोला, भंडारा, उमरेड. मी जोडत होते आणि आत आनंदरावांशी भांडत होते. भांडणात मी जिंकत होते, अर्थात. स्वतःच्या डोक्यातल्या भांडणात हरलेली बाई मी अजून पाहिली नाही. मी म्हणत होते, काकाजी, आम्ही नाव लिहितो, तुम्ही काहून लिहीत नाही? लिहिणाऱ्यानं जबाबदारी घ्यायची आणि पुसणाऱ्यानं फडकं पिळून घरी जायचं, हा कुठला न्याय? ते गप्प. ते प्रत्यक्षातही गप्पच असतात. उंच, वाकलेले, गळ्याला बारा महिने मफलर, आणि काही विचारलं तर आधी मफलर सारखा करतात. आणि मी ठरवून टाकलं: ज्यानं पुसलं त्यानंच ते परत लिहावं. मी खडू उचलणार नाही. अंत्ययात्रा दुपारी चारला आहे, ते त्यांना माहीत आहे. वस्तीतले निम्मे पुरुष मिलच्या पहिल्या पाळीला असतात, पाळी तीनला सुटते, सगळे फळ्यावरूनच घरी जातात. तीनच्या आत फळ्यावर काही नसलं, तर ज्या माणसानं त्यांना वाचायला शिकवलं त्याला पोचवायला ते जाणार नाहीत, घरी जाऊन जेवून झोपतील. मला हे सगळं सकाळी सव्वासातलाच दिसत होतं. आणि तरी मी ठरवलं की दोष आनंदरावांचा होईल. याची मला आज लाज वाटते, पण त्या वेळी फार बरं वाटलं होतं, खोटं का सांगू.

मग मी मनात पुसलेल्या बातम्यांची यादी काढली. ती काढायला मला काही कष्ट पडले नाहीत. आमच्या वस्तीत काय लिहिलं गेलं ते लोक विसरतात, काय पुसलं गेलं ते विसरत नाहीत. जनाबाईनं नळावरच्या भांडणाचं लिहिलं होतं, ते दुपारपर्यंत गेलं. लोक म्हणाले, आनंदरावांची सून त्या भांडणात होती. शालिकरामनं सिनेमाचं परीक्षण लिहिलं, ते गेलं. लोक म्हणाले, आनंदरावांना सिनेमा आवडत नाही. एकदा विहारातल्या कार्यक्रमाची तारीखच गेली, तेव्हा लोक म्हणाले की आता समितीत फूट पडली, आणि आठ दिवस फूट पडल्यासारखं वागले, आणि खरंच थोडी पडली. पुढे कळलं की तारीख चुकली होती म्हणून पुसली आणि दुरुस्त करायला खडू सापडला नाही. कारण कोणी सांगत नाही, मग लोक आपापल्या घरून कारण आणून चिकटवतात. आणि सगळ्यांत सोपं कारण म्हणजे लिहिणारा खोटारडा. आणि लहानूभाऊ. यादीत शेवटी मी नेहमी लहानूभाऊंना ठेवते, कारण तो माझा हुकमाचा पत्ता. मिलमध्ये सूत उचलणारा माणूस, चाळिशी उलटल्यावर नानाजींकडे अक्षरं शिकला. आयुष्यात एकदाच फळ्यावर लिहिलं, ते पुसलं गेलं, आणि त्यानंतर त्यानं खडूला हात लावला नाही. रोज येतो, हात मागे बांधून वाचतो, जातो. पहा काकाजी, मी मनात म्हणाले, तुमच्या फडक्यानं माणूस मुका केला.

असं म्हणाले आणि त्या यादीत काहीतरी खटकलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दिवा लागला होता.

अकराच्या सुमाराला कन्हानचा दिवा लागला. कन्हानच्या बोर्डावर अनुसया बसते. पाच वर्षं आम्ही रोज बोलतो, एकमेकींना पाहिलेलं नाही. ती मला नागपूर म्हणते, मी तिला कन्हान म्हणते. तिच्या आवाजावरून ती जाडजूड, हसरी असावी असं मी ठरवून टाकलं आहे. कॉल जोडून झाला तरी ती रेंगाळली.

“नागपूर, तुह्या वस्तीतच राहते ना वं तो बळीराम वालदे? खदानीतला?”

“हो. का?”

“त्याचा बाप गेला ना काल. लय वाईट वाटलं. काल आठले तुमच्याकडून खदानीत ट्रंक कॉल आला होता, आनंदराव नावाच्या मानसाचा. लाइन इतकी खराब का दोघायचं एकमेकाले काहीच आयकू येईना, म्हून मीच मंधी बसून निरोप सांगितला. म्हने, वालदेले काही सांगू नोका, नुसतं पहिल्या बसनं घरी पाठवा. पाळी संपेपर्यंत खाली हाये, खाली असताना सांगू नोका. मी म्हटलं, मंग सांगनार कोन? त म्हने, मी सांगतो. मी बसपाशी उभा राहतो.”

मी बहुतेक “अच्छा” म्हणाले. ती पुढे बोलत होती की तिचा भाऊही त्याच खदानीत आहे आणि तो पाळीला गेला की ती त्याच्या घरच्या दिशेला पाहतसुद्धा नाही. मला समोर बोर्ड दिसत होता आणि बोर्डाच्या जागी आमचा रस्ता दिसत होता. कामठी रोडनं येणारी पहिली बस, कन्हानहून, सहाला पाच-दहा मिनिटं असताना येते. थांबते कुठं? वाचनालयासमोर. माणूस दार धरून उतरतो, रात्रभर खाली काम केलेला, डोळे तांबडे, आणि पहिलं काय पाहतो? आमच्या वस्तीत बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा फळाच पाहतो. आणि फळ्यावर माझ्या सुरेख, मोठ्या, दुरून वाचता येणाऱ्या अक्षरांत: नानाजी वालदे यांचे निधन. खाली उत्तरा.

काल दवाखान्यात आनंदराव म्हणाले होते, “मी कन्हानले फोन करतो.” मी ऐकलं होतं. मला वाटलं, झालं, बळीरामला कळेल. कळेल म्हणजे कसं, कोणाकडून, कुठं उभं असताना, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. मला घाई होती, गुरुवार होता, माझा वार होता. बातमी खरी होती. खरं लिहिताना मी आजवर कधी थांबले नाही, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण आज पहाटे साडेपाचला एक म्हातारा माणूस दवाखान्यातून थंडीत चालत आला, फळ्यावरचं पाहून हादरला असेल, बादली शोधली असेल. आणि ओलं फडकं का, हे आता मला कळलं. कोरड्यानं सावली राहते. बळीरामची नजर तरणी आहे, त्यानं सावली वाचली असती.

राग गेला असं म्हणणार नाही. राग उठून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला. आणि तो उठल्याबरोबर त्याच्याखाली दडपलेलं वर आलं. लहानूभाऊंची ओळ आनंदरावांनी पुसलीच नव्हती. ती मी पुसली होती. दोन वर्षांपूर्वीचा गुरुवार. शिष्यवृत्तीचा निकाल आला होता, वस्तीतली अकरा मुलं-मुली, मला अकरा नावं लिहायची होती, आणि कोपऱ्यात एक वाकडीतिकडी ओळ जागा अडवून बसली होती. ‘आज मुलीच्या शाळेत कागदावर मी सही केली. अंगठा नाही. लहानू.’ मी ती वाचली. मला हसूही आलं. ही काय बातमी आहे, असं मी मनात म्हणाले, आणि फडकं फिरवलं. किती वेळ लागला असेल? चार सेकंद. मी त्यांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. मग ते लिहीनासे झाले, तेव्हा लोक म्हणाले आनंदरावांनी पुसलं, आणि मी नाही म्हटलं नाही. पुढे मीही तसंच म्हणायला लागले. आणि आता दोन वर्षं म्हणत आल्यावर माझ्याच यादीत तो माझा हुकमाचा पत्ता झाला होता. माणूस स्वतःला किती सफाईनं पुसतो, ओल्या फडक्यानं, याचं मला त्या बोर्डापुढे बसून नवल वाटलं. रडू आलं नाही. मला चटकन रडू येत नाही. मी दोन कॉल चुकीचे जोडले, जे मी कधी करत नाही.

आमच्या सुपरवायझर शोभाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी हेडफोन काढला आणि अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कोण गेलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “माझ्या आईचे मास्तर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि एक वाजता जा म्हणाल्या. मी एकला गेले.

परत येताना मी काय करायचं ते पक्कं ठरवलं होतं, आणि एकदा ठरलं की माझे पाय जोरात चालतात. आनंदरावांनी पुसलं ते बरोबर केलं. आणि नाव न लिहिता, कारण न लिहिता पुसलं ते चूक केलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि मला त्यांतली एकही सोडायची नव्हती. फळ्याची उजवी बाजू अजून कोरीच होती. पलीकडे बाबनराव म्हणाले, नानाजींना साडेबाराला घरी आणलं, पण जेमतेम पंधरा माणसं आहेत. “सगळे कामावर गेले वं. मीच सांगितलं सकाळी, खोटं हाये म्हून.” त्यांचं तोंड उतरलं होतं. मी पिशवीतून खडू काढला आणि लिहायला लागले. नानाजी वालदे यांचे काल सायंकाळी निधन झाले. अंत्ययात्रा आज चार वाजता राहत्या घरून. उत्तरा. मोठ्या अक्षरांत, सगळ्या उजव्या बाजूवर, दुरून दिसेल असं. मग त्याखाली बारीक अक्षरांत: ही बातमी काल लिहिली होती व आज सकाळी पुसली. बातमी खरी होती. आणि तिथं हात थांबवला, कारण पुढचं माझं नव्हतं.

ते मागे येऊन उभे होते. मफलर, वाकलेली पाठ, पायात दवाखान्याच्या वाटेची धूळ. दोन दिवस झोपले नसावेत.

“काकाजी,” मी म्हटलं, “मले कन्हानहून समजलं. तुम्ही बरोबर केलं.”

त्यांनी मफलर सारखा केला. “एवढ्या पहाटे तुह्या घरची कडी वाजवू का, असं वाटलं. नाई वाजवली.”

“अन् नंतर?”

“नंतर बळीरामले दवाखान्यात नेलं, मंग घरी आणलं. फळा ध्यानातच नाई राहिला.” ते फळ्याकडे पाहून म्हणाले, “तो बसमधून उतरला अन् फळ्याकडेच पाहिलं त्यानं. पानी गळून राहिलं होतं. म्हने, काकाजी, काय पुसलं? मी काहीच बोललो नाई. तिथंच समजला तो. तिथंच बसला, खाली. पुसलेलं बी वाचता येते वं, मले नव्हतं माहीत.”

माझ्या डोळ्यांपुढे तो फरशीवरचा ओला डाग आला. मी त्याच डागाशेजारी सायकल टेकवून उभी होते आणि मला फक्त माझं नाव गेलेलं दिसलं होतं.

“कारण लिहिलं असतं, तं त्यानं कारनच वाचलं असतं,” ते म्हणाले. त्यांनी दिवसभर स्वतःशी हेच घोकलं असावं.

“सगळं कारण नाही लिहायचं. नाव तं लिहिता आलं असतं. ‘काही वेळासाठी पुसले, आनंदराव.’ इतकंच. मंग लोक मले नाई, तुम्हाले विचारायला आले असते. अन् तुम्ही सांगितलं असतं, नाहीतर नसतं सांगितलं. पण कोनाले विचारायचं ते तरी समजलं असतं.”

मी खडू पुढे केला. त्यांनी तो घेतला. वीस वर्षं फळ्यावर फडकं फिरवणाऱ्या या माणसाला मी तिथं लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. अक्षर सुंदर निघालं, रेल्वेच्या रजिस्टरातलं, बारीक आणि सरळ. मुलाला फळ्यावरून कळू नये म्हणून मी पुसले. परत लिहायला विसरलो. आनंदराव.

खडू माझ्याकडे परत आला. खाली एका ओळीची जागा उरली होती. आता नाही लिहिलं तर पुढच्या गुरुवारी नक्कीच लिहिणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी स्वतःला चांगली ओळखते. लिहिलं: दोन वर्षांमागे लहानूभाऊंची बातमी मी पुसली. मला ती बातमी वाटली नाही, आणि मला जागा पाहिजे होती. चूक माझी. उत्तरा. आनंदरावांनी ते वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की दोन वर्षं हा आळ त्यांनी कळूनसवरून अंगावर वागवला होता, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्या गप्प राहण्याचा मला पहिल्यांदा राग आला नाही, पण ते बरोबर आहे असंही वाटलं नाही.

सव्वातीनला मिलची माणसं आली. सूत लागलेली डोकी, हातात डबे, एकेक करून थांबायला लागली, मान वर करायला लागली. पुढच्यानं वाचलं की तो मागच्याला वाट देत होता आणि घराकडे न वळता नानाजींच्या गल्लीकडे वळत होता. बाबनरावांनी भट्टी विझवली आणि हॉटेलपुढे बाकडं आडवं लावलं. पाऊणशे माणूस झालं असेल, नंतर मी मोजणं सोडलं.

लहानूभाऊ सगळ्यांत शेवटी आले. हात मागे बांधलेले, नेहमीसारखे. ते ओठ हलवत वाचतात, एकेक अक्षर जोडत, आणि मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी बोलले नाही. नानाजींची बातमी त्यांनी वाचली. आनंदरावांची ओळ वाचली. मग माझी. तिथं त्यांना फार वेळ लागला. त्यांचं नाव आलं तिथं ओठ थांबले आणि मग परत सुरू झाले. मी तिथून हलले नाही. हलायचं नाही हे मी ठरवलं होतं, पण हात मात्र सायकलीची घंटी उगाचच चाचपत होता.

वाचून झाल्यावर त्यांनी खिळ्यावरचं फडकं काढलं. बादलीत बुडवलं, पिळलं, आणि माझी ओळ पुसली. सावकाश, कडेकडेनं, वर आनंदरावांच्या ओळीला पाण्याचा थेंब लागणार नाही असं जपून. मला वाटलं, झालं, हिशेब फिटला, आणि ते योग्यच आहे. पण त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं आणि न पाहताच माझ्यापुढे हात केला. मी खडू दिला. ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही, म्हणून ते फळा सुकेपर्यंत थांबले. त्यांच्यासोबत आनंदराव थांबले, मी थांबले. मग त्यांनी लिहिलं. अक्षरं अजून वाकडीच होती, पण दोन वर्षांपूर्वीपेक्षा मोठी.

‘उत्तराबाईची ओळ मी पुसली. आज जागा नानाजीची. लहानू.’

“कारन खाली लिहिलं हाये,” ते खडू माझ्या हातात ठेवत म्हणाले. “वाचून घे.”

मी वाचलं. मग आम्ही तिघं नानाजींच्या घराकडे निघालो.